पांढऱ्या टबातली रोपं

वल्लरी: ही मेलेली असायला हवी होती, कमळताई.

कमळ: सकाळी सकाळी असं बोलतात का? एवढी कल्याण-भिवंडी रस्त्याची धूळ खात आलात, आधी चहा घ्या.

वल्लरी: चहा नंतर. तुम्ही जरा इकडे या. हा पांढरा टब बघा. गेल्या आठवड्यात माझ्या हाताने यात मीठ घातलंय, तुमच्या खाडीहून जास्त खारट केलंय पाणी. आज इथे वाळलेलं गवत दिसायला हवं होतं. आणि ही बघा, कशी उभी आहेत.

कमळ: टोकं जळलीत की.

वल्लरी: टोकं जळणारच. खालची पानंही गेलीत. पण मधलं पान हिरवं आहे. हे बघा, हे नवं फुटलंय. गोड्या पाण्याचं भात असं करत नाही.

कमळ: मग चांगलंच झालं ना. तुम्ही तर तोंड असं केलंय, जसं काय घरात कुणी गेलंय.

वल्लरी: निळ्या टबात तुमच्याच शेतातलं खारी भात आहे, ते जगणार हे मला ठाऊक होतं. पिवळ्यातलं मेलं, तेही बरोबर झालं. त्यात मीठ नव्हतंच, नुसती तहान होती.

कमळ: ते पिवळ्याचं मला कधी कळलंच नाय. मुळं पाण्यात बुडालेली, आणि तहानेनं मेली?

वल्लरी: त्या पाण्यात मी एक पावडर घातली होती. ती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. मुळांना पाणी लागतं पण ओढून घेता येत नाही. मिठाचंही सुरुवातीला तसंच होतं. आधी तहान लागते, मग मीठ आत शिरतं आणि पान जाळतं. यातलं रोपाला काय कळतं आणि किती लवकर कळतं, एवढंच मला बघायचं होतं.

कमळ: रोपाला कळतं?

वल्लरी: त्याच्या जनुकांना कळतं. कसं सांगू... तुमच्याकडे माळ्यावर मोठी भांडी असतात ना, लग्नकार्याची? एरवी ती वरच राहतात, रोजच्या चुलीवर दोनचार छोटीच चढतात. खारं पाणी आलं की रोपसुद्धा माळ्यावरची भांडी काढतं. मीठ मुळातच अडवायचं भांडं, आत आलेलं मीठ जुन्या पानात नेऊन टाकायचं भांडं, अशी बरीच. खारी भात ती पटकन काढतं. गोड्या भाताला काढायला उशीर होतो, तोवर ते जळून गेलेलं असतं.

कमळ: म्हणजे असतात दोघांकडं.

वल्लरी: बहुतेक सगळी दोघांकडे असतात. म्हणून तर डोकं फिरलंय माझं. मीठ घालायच्या आदल्या दिवशी मी या टबातली पानं कापून नेली होती. आठवतं, तो धूर निघणारा थर्मास?

कमळ: आठवतो ना. माझी भाविका तेव्हापासून तुम्हाला जादूवाली ताई म्हणते.

वल्लरी: पान कापलं की कापल्याचंही त्याला कळतं, आतलं सगळं बदलायला लागतं. म्हणून कापल्या जागी गोठवायचं, की त्या क्षणी जसं होतं तसंच राहतं. तर त्या क्षणी या टबातल्या पानांनी माळ्यावरची भांडी खाली काढून ठेवलेली होती. टबात मिठाचा कण नसताना.

कमळ: तुमचे साहेब काय म्हणाले?

वल्लरी: सर आधी म्हणाले, टबांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असशील. मी म्हटलं, नाही बदलल्या. मग चष्मा काढला आणि म्हणाले, वल्लरी, आकडे तर बदलले नाहीस ना? चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम करतेय मी. सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचंय मला, हे कसं झालं ते. म्हणून विचारते, रागावू नका. या टबात पाणी कुठलं घालत होतात?

कमळ: नळाचं.

वल्लरी: प्रत्येक वेळी?

कमळ: प्रत्येक वेळी. नळ नसला तर टाकीतलं. मी नारपोलीत सात वर्षं लूमवर नवऱ्याबरोबर बॉबिन भरलीत, ताई. एक धागा तुटला तर माल वाया जातो, हे मला शिकवू नका. माझ्या ड्युटीत खोट नाय.

वल्लरी: मग मीठ आलं कुठून? आकाशातून तर पडलं नाही.

कमळ: हळू बोला. आई येतील.

वल्लरी: हौसामावशी बांधावर गेल्यात ना?

कमळ: भरती आली की जातात, उतरायला लागली की येतात. आता उतरतच असेल. ताई, मी सांगते, पण तुम्ही शिकलेल्या आहात, हसाल.

वल्लरी: माझी आज हसायची परिस्थिती आहे असं वाटतं तुम्हाला?

कमळ: कुणीतरी येतं.

वल्लरी: कोण येतं?

कमळ: पहाटेला. मी अंगण झाडायला उठते तेव्हा पावलं असतात. ओली. खाडीच्या चिखलाची. इथला चिखल तांबडा, तो काळा, वासाचा. खाडीकडच्या बोळातून येतात, या टबापर्यंत. आणि मग संपतात.

वल्लरी: संपतात म्हणजे?

कमळ: परत जायची नसतात. आली आणि संपली.

वल्लरी: किती दिवस चाललंय हे?

कमळ: तुम्ही टब ठेवून गेलात, त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं. मीठ घातलंत त्या दिवसापासून बंद आहे.

वल्लरी: आणि तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत.

कमळ: कुणालाच नाय बोलले. आई उठायच्या आत झाडून टाकायची. म्हटलं, त्यांनी बघितलं तर त्यांचं डोकंच जाईल.

वल्लरी: तुम्हाला वाटलं की...

कमळ: मला काय वाटलं ते तुम्हाला कळलंय. मग बोलून कशाला दाखवू?

वल्लरी: मोठी होती पावलं?

कमळ: मी मापली नाय. मी त्यावर पाय ठेवून उभी राहायची थोडा वेळ. गार असायचं. मग झाडून टाकायची.

वल्लरी: माफ करा, मला असं विचारायला नको होतं.

कमळ: तुम्ही विचारा. तीन वर्षांत कुणी विचारलंच नाय. दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात गेला तो. सापडला नाय. माझ्या गळ्यात हे अजून आहे बघा. काढ असं कुणी म्हणत नाय, राहू दे असंही कुणी म्हणत नाय. मग वाटलं, येत असेल. आपल्यासाठी नसेल येत, पण येतो तर आहे. भात बघायला येत असेल.

वल्लरी: ही बादली कायम इथेच असते का? टबाजवळ?

कमळ: हो. टबात घालायला भरून ठेवते रात्री.

वल्लरी: ज्या दिवशी पावलं असायची, त्या दिवशी बादली भरलेली असायची?

कमळ: कमी झालेली असायची. मला वाटलं, टबात ओतलं असेल.

वल्लरी: टबात खारं पाणी गेलं. बादलीतलं गोडं पाणी दुसरीकडे गेलं. इथे फरशी ओली असायची का?

कमळ: असायची.

वल्लरी: पाय धुतले, कमळताई. म्हणून पावलं संपायची. ज्याला परत खाडीत जायचंय तो पाय कशाला धुईल? पाय धुऊन माणूस घरात जातो.

कमळ: घरात?

वल्लरी: मावशी कुठे झोपतात?

कमळ: पडवीत.

वल्लरी: मग इथे कुणी आलं असतं तर त्यांना चाहूल लागली असती.

कमळ: त्यांच्या लुगड्याचा काठ ओला असायचा.

वल्लरी: काय?

कमळ: धुवायला घेताना लागायचा हाताला. ओला, आणि वाळला की कडक. तांब्याही सारखा काळा पडत होता, मी चिंचेनं घासत होते. मला माहीत होतं, ताई. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. थोडे दिवस तरी तो येत होता ना.

वल्लरी: बसा तुम्ही. पाणी आणू?

कमळ: नको. राग आलाय का तुम्हाला त्यांचा?

वल्लरी: आलाय. खोटं कशाला बोलू? माझी सगळी मेहनत पाण्यात घातली त्यांनी, तीही खाऱ्या पाण्यात. पण का? माझं काय वाकडं केलं मी?

कमळ: तुम्हीच सांगितलंत त्यांना.

वल्लरी: मी?

कमळ: टब ठेवायला आलात त्या दिवशी. त्यांनी विचारलं, या पांढऱ्यातल्या पोरांचं काय करणार. रोपांना त्या पोरंच म्हणतात. तुम्ही म्हणालात, यांना गोड्या पाण्यात छान वाढवणार आणि एक दिवस एकदम खारीत टाकणार. त्यांनी विचारलं, आणि मग? तुम्ही हसत म्हणालात, मग मरतील.

वल्लरी: मी प्रयोग समजावत होते.

कमळ: तुम्ही प्रयोग समजावत होतात. त्या केसरीनाथचं ऐकत होत्या.

वल्लरी: तुमच्या मिस्टरांचा याच्याशी काय संबंध?

कमळ: ही पिशवी बघितलीत का, पडवीतली?

वल्लरी: आल्या आल्या पाहिली. कुठे गावाला निघालात का?

कमळ: भाविकाची आहे. आज तिचा शेवटचा पेपर. संध्याकाळी देवेश बाइक घेऊन येईल, आईंच्या बहिणीचा नातू. तिला नारपोलीला नेणार, त्या बहिणीकडे, गोदूमावशीकडे. तिथंच राहील, तिथंच शिकेल.

वल्लरी: सुट्टीपुरती ना?

कमळ: कायमची. केसरीनाथलाही तसंच ठेवलं होतं. आईंचा भाऊ होता, काळूराम. लहान असताना खाडीत गेला, आईंच्या डोळ्यांसमोर. त्यांनी तेव्हाच धरलं मनात, की आपल्या पोराला खाडीचं पाणी लावायचं नाय. केसरीनाथला दात पडायच्या वयात नारपोलीला धाडला. लूमच्या खडखडाटात वाढला. गावाला यायचा तो पाहुण्यासारखा. अख्ख्या गावची पोरं उघाडीवरून उड्या मारायची आणि हा काठावर चपला सांभाळत बसायचा.

वल्लरी: उघाडी म्हणजे ते बांधातलं दार?

कमळ: तेच. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडी आत येऊ द्यायची नाय. त्या वर्षी उघाडीच्या बाजूलाच बांध फुटला. हा सुट्टीवर आलेला. गावात हाक फिरली. बांधाला खांड पडली की सगळे पुरुष खांडीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, पाणी अंगावर घेतात, आणि मागची माणसं पेंढा आणि चिखल भरतात. हा पण उभा राहिला. नाय कसा राहील? लोंढा आला तेव्हा सगळे वाहत गेले आणि सगळे पोहत बाहेर आले.

वल्लरी: आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

कमळ: शेजारी उभ्या असलेल्यांना ते ठाऊकच नव्हतं. आगऱ्याच्या पोराला पोहता येत नाय, असं कुणाच्या मनात तरी येईल का? ते हसत बाहेर आले आणि मोजायला लागले.

वल्लरी: मग आता भाविकाला तसंच का ठेवतात? उलट तिला...

कमळ: हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? त्यांना वाटतं, केसरीनाथला गावाला येऊ दिला तिथं चुकलं. सुट्टीला सुद्धा आणायला नको होता. आतून दुसरं वाटत असेल तर ते त्या कुणाला दाखवत नाहीत. फक्त पहाटे तांब्या घेऊन खाडीवर जायच्या.

वल्लरी: तुम्हाला भाविकाला पाठवायचंय का?

कमळ: माझ्या पोटची आहे ती. पण मलाही त्या पाण्याची भीती वाटते. मी काय बोलणार?

वल्लरी: मावशी आल्या की मी बोलू?

कमळ: तेच सांगायचंय. तुम्ही त्यांना सांगा, रोपं मेली.

वल्लरी: काय?

कमळ: मेली म्हणून सांगा. हे गोणपाट टाकू टबावर, तुम्ही जाताना घेऊन जा.

वल्लरी: कमळताई, ही जगलीत. मावशींनी जगवलीत. मला तर वाटत होतं, त्यांना आनंद होईल.

कमळ: तुम्ही अजून नीट विचार नाय केलात. ही जगली, याचा अर्थ काय?

वल्लरी: अर्थ, की रोज थोडं थोडं खारं पाणी मिळालं म्हणून... अरे देवा.

कमळ: कळलं ना? रोपं मेली तर मरणारी होती म्हणून मेली. जगली, तर मग त्या बाईनं पुढचं आयुष्य काय करायचं?

वल्लरी: तिकडे मी खोटं बोलले नाही तरी खोटी ठरले. आणि इथे तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय.

कमळ: मी कधी तुमच्याकडे काही मागितलं का?

वल्लरी: नाही.

कमळ: हे मागते.

वल्लरी: द्या ते गोणपाट.

(कमळची सासू हौसा बांधावरून येते. पाय पोटरीपर्यंत काळ्या चिखलाने भरलेले. टबाजवळच्या बादलीतून तांब्याभर पाणी घेऊन ती पाय धुते.)

हौसा: कवाशी आलीस, पोरी?

वल्लरी: आत्ताच आले, मावशी.

हौसा: आत्ताच आलीस तर चायवर साय कशी धरली? कमल, दुसरी ठेव हिला. आज बघायचा दिस ना तुजा?

वल्लरी: हो.

हौसा: मंग? काय झालं पोरांचं?

कमळ: आई, आधी सावलीत तरी बसा.

हौसा: तुला न्हाय इचारलं, हिला इचारलं.

वल्लरी: मेली, मावशी.

हौसा: सगली?

वल्लरी: सगळी.

हौसा: बरं. तू बोल्लीच व्हतीस पयलंच. मरायसाठीच वाढवली व्हती ती.

कमळ: मी चहा ठेवते.

हौसा: थांब. पोरी, ते गोनपाट काढ.

वल्लरी: राहू दे, मावशी. त्यात बघण्यासारखं काही नाही.

हौसा: म्हनूनच काढ. एक जेला त्याचं मना कायबी बघायला न्हाय भेटलं. शर्टाचं बटन न्हाय की चप्पल न्हाय. ही तरी बघू दे.

कमळ: आई, नका ना.

हौसा: दोघी आशा आडव्या का उभ्या ऱ्हायल्या? सरका. मीच काढतंव.

वल्लरी: थांबा, मावशी. मी काढते.

हौसा: ही तर हिरवी हायत.

वल्लरी: हो.

हौसा: मंग मेली का बोल्लीस? तू तर कवा खोटं बोलत न्हाय. मरतील म्हनून माज्या तोंडावर सांगनारी तू.

कमळ: मी सांगितलं यांना तसं बोलायला.

हौसा: कशापायी?

कमळ: तुम्ही पहाटे तांब्या घेऊन खाडीवर जात होतात, आई. मी रोज तुमची पावलं झाडत होते.

हौसा: झाडत व्हतीस तर बोलली का न्हाईस?

कमळ: मला वाटायचं, तुमची नाहीत.

हौसा: कमल.

कमळ: जाऊ द्या आता.

हौसा: बस हितं माज्याजवल. अगं, कालोखात पाय धुतलं तरी वाटंवर चिखल ऱ्हायतो हे माज्या ध्यानातच न्हाय आलं. तुला काय काय वाटलं आसंल. बस.

वल्लरी: मावशी, तुम्ही रोज किती पाणी घालत होतात?

हौसा: पयलं तर घोटभर. मंग थोडं थोडं वाढवलं. तुज्या कामाचा इस्कोट केला, मना ठावं हाय. पन तू बोल्लीस ना, गोड्यात वाढवून येकदम खारीत टाकनार, तवापासून डोल्याला डोला न्हाय लागला माजा. वाटलं, मरायचीच हायत तर मरू दे, पन जराशी चव तरी आसू दे जिभंवर. येकदम कोनाला टाकू नये.

वल्लरी: कामाचा इस्कोट झालाच. सोमवारी मला सगळ्यांसमोर सांगायला लागेल, की एका बाईने माझ्या रोपांना खाडीचं पाणी पाजलं.

हौसा: हसतील तुला.

वल्लरी: हसू देत. निदान आकडे बदलले असं तर म्हणणार नाहीत.

हौसा: मंग आता सांग. ही कशी जगली?

वल्लरी: मावशी...

हौसा: कमलकडं नको बघू. माज्याकडं बघ.

वल्लरी: तुम्ही दिलेल्या घोटभर पाण्याने ती सावध झाली. मीठ येतंय हे त्यांना आधीच कळलं. मिठाशी कसं वागायचं ते त्यांच्या आत असतंच, फक्त निजलेलं असतं. तुम्ही ते उठवून ठेवलंत. मग मी एकदम मीठ घातलं तेव्हा त्यांची तयारी झालेली होती.

हौसा: खारी भाताच्या आत आसतं, ते ठावं हाय. मी गोड्याचं इचारतंव.

वल्लरी: गोड्याच्याही आत असतं.

हौसा: आसतं?

वल्लरी: असतं. उठायला वेळ लागतो, एवढंच.

हौसा: आनि ही खालची पानं का जलली?

वल्लरी: आत शिरलेलं मीठ रोप जुन्या पानांत नेऊन टाकतं. ती जळतात. कोवळं पान वाचतं.

हौसा: बरोबर हाय. तसंच पायजे. आमच्या घरात उलटं झालं.

वल्लरी: मावशी, माणूस म्हणजे रोप नव्हे. टबातल्या भातावरून कुणी माणसाचं काही ठरवू नये. मी स्वतः ठरवणार नाही. सगळीच्या सगळी जगलीत असंही नाही, ही कडेची बघा, ही गेलीत.

हौसा: मी काय येडी न्हाय, पोरी. भात आनि पोरगा येक न्हाय, मना कलतं. चांगलं पोहनारे बी जेले हायत त्या खाडीत. कालूराम तर माशावानी पोहायचा.

कमळ: काळूमामाला पोहता येत होतं?

हौसा: येत व्हतं. तरी जेला. म्हनून मी बोल्ली, शिकून बी जातात तर शिकवायचंच कशाला. लांबच ठेवावं.

कमळ: हे तुम्ही कधी सांगितलं नाय.

हौसा: कोनी इचारलं न्हाय. लोकांना वाटायचं, म्हातारी येडपट हाय, पोराला गोडं करून ठेवलंय. मी येडपट न्हवते. मी घाबरलेली व्हते. आनि तो काठावर बसायचा ना चपला घेऊन, तवा माज्याकडं बघायचा. मी मान हलवली की पुन्ना बसायचा. येकदाबी हट्ट न्हाय केला. हट्ट केला आसता तर बरं झालं आसतं.

कमळ: पुरे करा, आई.

हौसा: पोरी, ही किती लहान व्हती, मी पानी द्यायला लागले तवा?

वल्लरी: बोटाएवढी. दोन पानांची.

हौसा: लहानपनीच द्यावं लागतं का?

वल्लरी: लहानपणी दिलेलं चांगलं लागू पडतं. पण नंतरही देता येतं. एकदम दिलं नाही म्हणजे झालं.

हौसा: हं.

वल्लरी: तुम्हाला त्रास व्हावा म्हणून मी हे नाही सांगत.

हौसा: तू खरं सांगितलंस. पयल्यांदा खोटं बोल्लीस ते बी माज्यासाठीच बोल्लीस. चाय घेतल्याबिगर जायाचं न्हाय. कमल, पोरगी कवा सुटते शालेतून?

कमळ: पेपर संपला की. एक वाजेल.

हौसा: देवेशला फोन लाव.

कमळ: तो संध्याकाळी येणारच आहे, आई. पिशवी भरून ठेवलीय मी.

हौसा: म्हनूनच लाव. नको येऊ म्हनावं.

कमळ: आज नको?

हौसा: येऊच नको म्हनावं. गोदूला मी सांगन काय ते. आनि ओहोटी कवा लागते आज?

वल्लरी: भरती आत्ताच उतरायला लागलीय ना? मग चार-साडेचारला पाणी अगदी खाली गेलेलं असेल.

हौसा: उघाडीच्या अल्याड तवा रेतीच आसते. कमल, तिला जेवाय घाल, जरा निजव, आनि जुना फ्रॉक घालून ठेव. तू पन चल आमच्यासंगं.

कमळ: मला भीती वाटते, आई.

हौसा: मना बी वाटते. म्हनून आज घोट्याएवढंच.